कर्बवायूचे बिल कोणाच्या नावावर?

स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाने विषयाचे बंधन घातले नाही, ही त्यांची उदारता. बालरोगतज्ज्ञाने लसीकरण, स्तनपान, मुलांचा आहार किंवा फार तर मोबाइलचे व्यसन यांवर लिहावे असा संकेत आहे, आणि तसे लेख मी या ना त्या निमित्ताने लिहीत आलोही आहे. या खेपेस मिळालेल्या मुभेचा लाभ घेऊन जरा निराळा विषय मांडतो. कार्बन डायऑक्साइडचा एक टन वातावरणात मिसळला, तर तो आपल्या देशाला किती रुपयांना पडतो? प्रश्न अर्थशास्त्राचा वाटेल, आणि तो आहेही. परंतु त्याचे उत्तर शोधू लागलो तेव्हा वाट फिरून वडगावच्या मागघरांतून आणि बालरुग्णांच्या रांगेतूनच जाते असे आढळले; म्हणून हा प्रपंच.

एक गोष्ट आरंभीच स्पष्ट केलेली बरी. धूर आणि कार्बन डायऑक्साइड (पुढे सोयीसाठी कर्बवायू म्हणतो) या दोन गोष्टी एक नव्हेत. धुरातील सूक्ष्म कण फुप्फुसांत उतरतात आणि आजार घडवतात; ते आपल्याला एक्स-रेवर आणि स्टेथोस्कोपने कळते. कर्बवायू हा प्रत्येक उच्छ्वासात बाहेर पडणारा, रंग-गंध नसलेला वायू. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेच्या दहा लाख भागांत तो सुमारे २८० भाग होता, आज ४२० भागांच्या वर आहे. एवढ्या प्रमाणाने कोणी गुदमरत नाही. तो करतो ते एवढेच, की पृथ्वीची उष्णता बाहेर जाऊ देत नाही. आणि एकदा वर गेलेला हा वायू बऱ्याच अंशी शतकानुशतके वर राहतो. म्हणजे हा तीव्र विषबाधेचा नव्हे, दीर्घकालीन आजाराचा प्रकार आहे, आणि दीर्घकालीन आजाराचा खर्च मांडणे नेहमीच कठीण असते.

कठीण असले तरी अशक्य नसते. याचे उदाहरण आपल्या सीमाभागातच आहे. निपाणी म्हटले की तंबाखू आलाच. पिढ्यान्‌पिढ्या त्या पिकावर शेतकरी जगला, व्यापारी मोठा झाला, विडी वळणाऱ्या भगिनींच्या चुली पेटल्या. त्याच तंबाखूमुळे होणाऱ्या आजारांचा आणि अकाली मृत्यूंचा देशाला बसणारा आर्थिक भुर्दंड २०१७-१८ या वर्षासाठी अभ्यासकांनी काढला, तो १ लाख ७७ हजार कोटी रुपयांहून अधिक निघाला. सकल राष्ट्रीय उत्पन्नाच्या एक टक्क्याहून किंचित जास्त. तंबाखूवरील उत्पादन शुल्कातून सरकारला मिळणारी रक्कम या भुर्दंडाच्या आठव्या हिश्शाच्या आसपास होती. पुडीवर छापलेली किंमत एक आणि खरी किंमत दुसरी; मधला फरक रुग्णाने, त्याच्या कुटुंबाने आणि सरकारी दवाखान्याने भरायचा. कर्बवायूचा हिशेब याच जातीचा आहे. फरक एवढाच की तंबाखू खाणाऱ्याला निदान स्वतःच्या सवयीचे बिल येते. येथे सवय एकाची आणि बिल दुसऱ्याच्या नावावर.

निपाणीचेच आणखी एक स्मरण येथे अप्रस्तुत ठरू नये. मार्च-एप्रिल १९८१ मध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादक शेतकरी पुणे-बेंगळूर महामार्गावर ठाण मांडून बसले होते. त्या आंदोलनाचा शेवट गोळीबारात झाला. आमच्या पिढीने ते शाळकरी वयात ऐकले. शेतकरी संघटनेची मूळ मागणी एका ओळीची होती : उत्पादन खर्चावर आधारित भाव. मालाच्या भावात त्याचा संपूर्ण खर्च उतरला पाहिजे, नाहीतर तो खर्च कोणीतरी दुबळा मुकाट्याने सोसत असतो, हे तत्त्व त्या मागणीच्या मुळाशी होते. आज जगातील अर्थशास्त्रज्ञ कोळसा आणि तेल यांच्याबाबत ‘कर्बवायूची सामाजिक किंमत’ म्हणून जे मांडतात, ते याहून फार निराळे नाही.

आता आकड्याकडे येऊ. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या कॅथरीन रिकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये ‘नेचर क्लायमेट चेंज’ या नियतकालिकात एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. तोवर ही किंमत संपूर्ण जगासाठी मिळून काढली जात असे. या मंडळींनी ती देशवार काढली. एक जादा टन कर्बवायू, मग तो टेक्सासमध्ये सोडलेला असो की शांघायमध्ये, पुढील काळात साऱ्या जगाचे मिळून सुमारे ४१७ डॉलरचे नुकसान करतो, असा त्यांचा मध्यम अंदाज. त्या ४१७ पैकी सर्वांत मोठा वाटा कोणाच्या पदरात पडतो? भारताच्या. सुमारे ८६ डॉलर, म्हणजे एकूण नुकसानाच्या २१ टक्के. आजच्या विनिमय दराने साडेसात हजार रुपयांच्या आसपास. अमेरिकेचा वाटा ४८ डॉलर, चीनचा २४. रशिया, कॅनडा यांसारख्या थंड देशांना तर या हिशेबात थोडा लाभच दिसतो.

हे असे का व्हावे? कारणे तीन. आपला देश मुळातच उष्ण आहे. आपली लोकसंख्या प्रचंड आहे. आणि आपली अर्थव्यवस्था वाढत्या वयाची आहे, त्यामुळे तिचे गमावण्यासारखे पुष्कळ पुढे आहे. मार्शल बर्क आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये अनेक देशांची आकडेवारी तपासून असे दाखवले होते की, वार्षिक सरासरी तापमान १३ अंशांच्या आसपास असताना देशांची उत्पादकता सर्वोच्च असते आणि तापमान त्यापुढे गेले की ती घसरू लागते. ज्याला एके काळी कौतुकाने ‘गरिबांचे महाबळेश्वर’ म्हणत, त्या आपल्या बेळगावची सरासरीही या १३ अंशांहून सुमारे दहा अंशांनी वर आहे. मग सोलापूर, विजयपूर, नागपूर यांविषयी काय बोलावे!

या संख्येच्या साहाय्याने मी काही त्रैराशिके मांडून पाहिली. ती माझी आहेत, स्थूल आहेत आणि त्यांचे उत्तरदायित्व माझे. जगात इंधन जाळण्यातून आणि उद्योगांतून वर्षाला सुमारे ३,७०० कोटी टन कर्बवायू बाहेर पडतो. त्यात आपला वाटा साधारण आठ टक्के. माणशी पाहिले तर वर्षाला जेमतेम दोन टन. अमेरिकन माणूस सुमारे चौदा टन सोडतो. साडेसात हजारांच्या भावाने एक अमेरिकन नागरिक वर्षभरात भारताचे भविष्यात एक लाखाहून अधिक रुपयांचे नुकसान करतो. आणि तुम्ही-आम्ही? सरासरी भारतीय माणूस स्वतःच्याच देशाचे पंधरा हजारांचे नुकसान करतो. आपल्यासारखी डॉक्टरमंडळी सरासरी भारतीयांत मोडत नाहीत, हे वेगळे सांगायला नको. घरात दोन गाड्या, दवाखान्यात वातानुकूलन, वर्षाकाठी परिषदांसाठी दोन-चार विमानप्रवास, असा आपला प्रपंच असतो.

आठ टक्के दोष आणि एकवीस टक्के भोग. हा आकडा मी प्रथम वाचला तेव्हा मनात संतापच आला, आणि तो रास्तही आहे. परंतु संतापाच्या आधी वैद्यकीय सवयीने दुसरा प्रश्न पडला : या आकड्यावर विश्वास कितपत ठेवावा? संशोधकांनीच ८६ च्या दोन्ही बाजूंना ४९ ते १५७ डॉलर अशी मर्यादा दिली आहे. ती रुंद आहे. एखाद्या प्रयोगशाळेने हिमोग्लोबिनचा अहवाल इतक्या रुंद मर्यादेत दिला तर आपण तो परत पाठवू. तरीही खालची मर्यादा धरली तरी ती चार हजार रुपयांच्या वर जाते. ती शून्याच्या जवळपासही येत नाही. निदान निश्चित आहे, आजाराची तीव्रता किती एवढाच वाद आहे. अशा स्थितीत आपण रुग्णाला घरी पाठवत नाही.

आणि हा सारा उद्याचाच खर्च आहे असेही नाही. वडगाव, शहापूर, खासबाग या पट्ट्यात ज्यांचे दवाखाने आहेत त्यांना मागाचा खडखडाट हा सलाइनच्या थेंबाइतका परिचयाचा असतो. साडीमागे मजुरी. माग बंद तर मजुरी बंद. पत्र्याच्या छपराखाली, सूत तुटू नये म्हणून वारा अडवून, एप्रिल-मे महिन्यांत विणकर आठ-दहा तास उभा असतो. शेजारी त्याची पत्नी कांड्या भरत असते आणि मूल तिथेच खेळत असते. ई. सोमनाथन, रोहिणी सोमनाथन, अनंत सुदर्शन आणि मीनू तिवारी या अर्थशास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सुरतेच्या विणकामाच्या कारखान्यांतील कामगारांची रोजची उत्पादननोंद तापमानाशी ताडून पाहिली होती. उष्ण दिवसांत माणसाच्या हातून काम कमी होते, हे विणकराला सांगायला अर्थशास्त्रज्ञ लागत नाही; पण त्यांनी पुढे देशभरच्या कारखान्यांची आकडेवारी घेऊन असे दाखवले की, वर्षाचे तापमान एका अंशाने वाढले तर कारखान्याचे वार्षिक उत्पादन सुमारे दोन टक्क्यांनी घटते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०१९ च्या अहवालाने २०३० पर्यंत भारतातील कामाचे ५.८ टक्के तास उष्म्यामुळे वाया जातील असा अंदाज केला. ही हानी ३ कोटी ४० लाख पूर्णवेळ नोकऱ्यांइतकी. रिझर्व्ह बँकेच्या २०२२-२३ च्या अहवालानेही उष्म्याने वाया जाणाऱ्या श्रमांमुळे २०३० पर्यंत सकल राष्ट्रीय उत्पन्नाच्या साडेचार टक्क्यांपर्यंतचा हिस्सा धोक्यात येऊ शकतो असे म्हटले आहे.

‘राष्ट्रीय उत्पन्नाचे साडेचार टक्के’ असे म्हटले की डोळ्यांपुढे काही येत नाही. मला दिसते ते असे. उन्हाळ्यात मूल अतिसाराने किंवा तापाने आजारी पडते. बालकाच्या शरीराचे पृष्ठफळ वजनाच्या मानाने मोठे, घाम येण्याची यंत्रणा अपुरी, आणि पाणी मागण्याची वाचा नसलेले वय. आई त्याला घेऊन दवाखान्यात येते. म्हणजे कांड्या भरायला कोणी नाही. दोन दिवसांनी बाप येतो. म्हणजे मागही बंद. माझे शुल्क आणि औषधांचा खर्च यांची नोंद कुठेतरी होते. बुडालेल्या दोन साड्यांच्या मजुरीची नोंद कोठेही होत नाही. देशाच्या हिशेबात ही घटना उलट उत्पन्नात भर घालते, कारण औषधे विकली गेली!

राष्ट्रीय उत्पन्न मोजण्याची ही रीत फार चमत्कारिक आहे. पूल वाहून गेला तर उत्पन्नातून काही वजा होत नाही, नवा बांधला की मात्र भर पडते. ऑगस्ट २०१९ आपल्यापैकी कोणी विसरले नसेल. बेळगाव, चिकोडी, निपाणी, पलीकडे कोल्हापूर, सांगली, सारा मुलूख पाण्याखाली. शिरोलीजवळ पंचगंगेचे पाणी महामार्गावर आले आणि वाहतूक आठवडाभर ठप्प झाली; निपाणी-कोगनोळीकडे मालमोटारींच्या रांगा लागल्या. इकडे बळ्ळारी नाल्याचे पाणी शिवारात पसरले, मागघरांत शिरले. कर्नाटक सरकारने त्या वर्षीच्या पुराचे राज्यातील नुकसान ३५ हजार कोटी रुपयांच्या वर दाखवले. केंद्राकडून ऑक्टोबरात तातडीची मदत म्हणून आली ती १,२०० कोटींची. पुढे आणखी काही आली, पण मधले अंतर बुजण्याजोगे नव्हते. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तेच. या वेळी निपाणीजवळ यमगर्णी येथे वेदगंगा महामार्गावर आली.

या पुरांना कर्बवायूच जबाबदार असे विधान मी करणार नाही. एका रुग्णाच्या कर्करोगाला तंबाखूच कारण होता असे शपथेवर सांगता येत नाही, तसेच हे. नाल्यांवरील अतिक्रमणे, नदीपात्रातील भराव, धरणांतील पाणी सोडण्याचे नियोजन हे सारे त्यात आहे, आणि कोयना की अलमट्टी या वादात सीमेच्या दोन्ही बाजूंनी पुरेशी वाफ दवडून झाली आहे. परंतु पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवून दिले आहे की, १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात विस्तीर्ण प्रदेशावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. हवा एका अंशाने तापली की तिची बाष्प धरण्याची क्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते. ती मग थांबून थांबून कोसळते. शेतीचेही तेच. २०१७-१८ च्या केंद्रीय आर्थिक पाहणीने हवामानबदलामुळे शेती उत्पन्नात सरासरी १५ ते १८ टक्के आणि कोरडवाहू भागात २० ते २५ टक्के घट संभवते असे नोंदवले होते. हा अहवाल सरकारचा स्वतःचा आहे, कोणा पर्यावरणवाद्याचा नव्हे.

आता अर्थशास्त्राच्या ज्या कलमावर बालरोगतज्ज्ञ म्हणून माझा खरा आक्षेप आहे, तिकडे वळतो. भविष्यातील नुकसानाची आजची किंमत काढताना ते दरवर्षी काही टक्क्यांनी घटवतात. याला सूट-दर म्हणू. पन्नास वर्षांनी होणारे शंभर रुपयांचे नुकसान पाच टक्के दराने आज नऊ रुपयांनाही भरत नाही, तेच १.४ टक्के दराने पन्नास रुपयांचे भरते. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ निकोलस स्टर्न यांनी २००६ च्या आपल्या प्रसिद्ध अहवालात सुमारे १.४ टक्के दर धरला आणि काहीच न केल्यास जगाला दरवर्षी उत्पन्नाच्या ५ ते २० टक्के किंमत मोजावी लागेल असा निष्कर्ष काढला. २०१८ चे नोबेल पारितोषिक मिळवणाऱ्या विल्यम नॉर्डहॉस यांनी याहून बराच चढा दर धरला आणि घाई कमी करायला सांगितली. दोघेही विद्वान, पण वाद मुळात भौतिकशास्त्राचा नाही. आज ज्या बालकाला मी बीसीजी टोचली, त्याच्या पन्नाशीचे मोल आज किती धरायचे, एवढाच तो वाद आहे. लसीकरणाच्या वेळी आपण असा दर लावतो काय? हिपॅटायटिस-बीची लस जन्मतः देतो, ती चाळीस-पन्नास वर्षांनी होऊ शकणारा यकृताचा कर्करोग टाळण्यासाठी. पाच टक्क्यांचा दर लावला असता तर ती लस बहुधा परवडली नसती. भारताने २०२१ मध्ये ग्लासगो परिषदेत २०७० पर्यंत निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणण्याचे जाहीर केले. यंदा जन्मलेले मूल तेव्हा पंचेचाळिशीच्या आसपास असेल. मधल्या काळातील उन्हाळे त्यालाच काढायचे आहेत.

हा दर आणि हिशेबाची सीमा, या दोन कळा फिरवल्या की हवे ते उत्तर काढता येते, हे अमेरिकेने दाखवून दिले आहे. तेथील सरकार एका टनाची किंमत चाळीस-पन्नास डॉलरच्या घरात धरत असे. ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीत फक्त अमेरिकेच्या सीमेआतील नुकसान मोजायचे ठरले, सूट-दर चढवला गेला, आणि किंमत एक ते सात डॉलर इतकी खाली आली. पुढे २०२३ मध्ये त्याच देशाच्या पर्यावरण संस्थेने ती १९० डॉलर ठरवली, आणि २०२५ च्या जानेवारीत नव्या आदेशाने ती हिशेब ठेवणारी समितीच बरखास्त झाली. सीमाभागात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना याची गंमत विशेष कळावी. वेदगंगा-दूधगंगेचे पाणी कोणत्या राज्यात शिरले ते विचारून शिरत नाही. नकाशावरची रेघ हिशेबाला लागू पडते, पुराला नव्हे.

येथे वाचक म्हणतील, ‘मग आधी अमेरिकेने आणि चीनने करावे, आम्ही गरीब देश, आम्हाला विकास हवा.’ न्यायाच्या दृष्टीने हे म्हणणे बिनतोड आहे आणि आंतरराष्ट्रीय व्यासपीठावर ते ठणकावून मांडले पाहिजे. मात्र ज्या हिशेबाच्या आधारे आपण इतरांकडे भरपाई मागू, तोच हिशेब आपल्याबद्दलही बोलतो. आपल्याच धुराड्यातून सुटलेला टन कोणत्याही अन्य देशापेक्षा आपल्यालाच अधिक नडतो. शेजारी दारू पितो म्हणून मीही पिणार, असे यकृताचा आजार असलेल्या रुग्णाने म्हटल्यासारखे ते होईल. त्यातून शेजाऱ्याला धडा मिळत नाही.

आपण या टनाला आज काय भाव देतो? सरकारने २०१० मध्ये कोळशावर टनामागे ५० रुपये अधिभार लावला. तो वाढत वाढत २०१६ मध्ये ४०० रुपयांवर गेला. एक टन कोळसा जाळला की सुमारे दीड टन कर्बवायू निघतो, म्हणजे कर्बवायूच्या टनाला अडीचशे रुपयांच्या आसपास. साडेसात हजारांच्या खर्चापुढे अडीचशेची वसुली. हा निधी स्वच्छ ऊर्जेसाठी होता. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला तेव्हा तो राज्यांच्या महसुली तुटीच्या भरपाईकडे वळला. सप्टेंबर २०२५ च्या करबदलात तो अधिभार गेला आणि कोळशावरील वस्तू व सेवा कर ५ वरून १८ टक्के झाला. अठरा टक्के हे कोळशाच्या भावावर आकारले जातात, कर्बवायूच्या वजनावर नव्हे. हलका, राखेचा कोळसा जितका स्वस्त तितका त्यावरील करही कमी. पेट्रोल-डिझेलची गोष्ट निराळी. त्यांच्यावर कर इतके आहेत की लिटरमागे सुटणाऱ्या सव्वादोन-अडीच किलो कर्बवायूचे आपल्या देशापुरते नुकसान, अंदाजे सतरा-वीस रुपये, त्यातून कधीच वसूल झालेले असते. सगळा अंधार आहे तो कोळशाच्या आणि म्हणून विजेच्या बाजूला. आपल्या विजेच्या एका युनिटमागे सरासरी सुमारे ०.७ किलो कर्बवायू सुटतो. वरच्याच भावाने पाच रुपयांहून अधिक. विणकरांची सवलतीची वीज काढून घ्या असे मी मुळीच म्हणत नाही. त्यांच्या छपरावर सौर पॅनेल चढवायला तोच पैसा द्यावा, एवढेच म्हणतो.

शिवाय आपण किंमत लावली नाही तर दुसरे लावणार आहेत. युरोपीय संघाने २०२६ च्या १ जानेवारीपासून बाहेरून येणाऱ्या पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट आदी मालावर त्यातील कर्बवायूच्या प्रमाणात आकार लावण्यास सुरुवात केली. उद्यमबागेतील आपल्या फाउंड्री-मालक मित्रांनी याकडे दुर्लक्ष करू नये. देशात कर्बवायूची किंमत भरली असेल तर ती तेथे वजा होते. भरली नसेल तर तोच पैसा ब्रुसेल्सला जातो.

डॉक्टरांच्या दृष्टीने या विषयाला एक जमेची बाजू आहे. ज्या धुराड्यातून कर्बवायू निघतो त्यातूनच सूक्ष्म कणही निघतात. २०१९ मध्ये हवेच्या प्रदूषणामुळे देशात सुमारे १६ लाख ७० हजार मृत्यू झाले आणि २ लाख ६० हजार कोटी रुपयांची, म्हणजे राष्ट्रीय उत्पन्नाच्या १.३६ टक्के हानी झाली, असे ‘लॅन्सेट’ समूहाच्या नियतकालिकात आलेल्या भारतीय अभ्यासात म्हटले आहे. कोळसा कमी जाळला तर कर्बवायूचा लाभ नातवंडांना, पण धुराचा लाभ याच हिवाळ्यात, याच घरघरणाऱ्या छातीला मिळतो. एवढ्या लवकर गुण देणारी प्रतिबंधक उपाययोजना आपल्या शास्त्रातही विरळाच.

राहता राहिला स्थानिक प्रश्न. मे २०१० च्या उष्म्याच्या लाटेत अहमदाबादेत नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू अधिक झाले. तेथील महापालिकेने हे मृत्यू मोजले, म्हणूनच २०१३ मध्ये उष्मा कृती आराखडा तयार होऊ शकला : आगाऊ इशारा, डॉक्टरांचे प्रशिक्षण, पाण्याची सोय, पुढे पत्र्याच्या छपरांना पांढरा रंग. त्यानंतरच्या अभ्यासात वर्षाला सरासरी ११९० मृत्यू टळल्याचा अंदाज निघाला. खर्च फारसा नव्हता. आरंभ मोजणीपासून झाला होता.

आपल्या संघटनेच्या सभासदांनी अशी मोजणी करावी, असे मला सुचवायचे आहे. शोधनिबंध लिहायचा नाही, अनुदान मागायचे नाही. मार्च ते जून आणि जुलै ते सप्टेंबर एक साधी वही ठेवायची. रकाने सहा : तारीख, रुग्णाचे वय, तक्रार (उष्म्याचा त्रास, अतिसार, डेंग्यूसदृश ताप, पुरानंतरचा त्वचारोग), किती दिवस शाळा बुडाली, आई-वडिलांचे किती दिवसांचे काम बुडाले, आणि त्या दिवसांची मजुरी किती. शेवटचे दोन प्रश्न आपण केस-पेपरवर कधी विचारत नाही. विचारायला अर्धे मिनिट पुरते, आणि आई उत्तर अगदी रुपयांत देते. रुग्णाचे नाव लिहू नये. दिवसाचे कमाल तापमान आणि पाऊस वर्तमानपत्रातून शेजारी टिपून ठेवावा. वडगाव, शहापूर, अनगोळ आणि निपाणी येथील आठ-दहा दवाखान्यांनी दोन वर्षे हे केले, तर महापालिकेपुढे छपरे रंगवण्याची किंवा नाला रुंद करण्याची मागणी घेऊन जाताना आपल्या हातात दिल्लीचा किंवा जिनिव्हाचा आकडा नसेल, वडगावचा असेल. माझ्या दवाखान्यातील वही येत्या मार्चपासून सुरू होईल. रकान्यांचा छापील नमुना वार्षिक सभेच्या दिवशी नोंदणीच्या टेबलावर ठेवण्यास कार्यवाहांनी संमती दिली आहे.